शनिवारची गोळी

आमच्या वॉर्डात कॉम्प्युटर आला ऐन मे महिन्यात.
पंख्याखालचं एकमेव टेबल त्याला दिलं,
ज्यावर आम्ही डबे उघडायचो ते.
तेव्हापासून भाकरी-शेंगाचटणी उभ्यानं खातो.

त्याआधी केसपेपर होते.
चाकोते डॉक्टरांचं अक्षर
मला आणि मेडिकलमधल्या इरफानला, दोघांनाच लागायचं,
आणि दोघांना वेगवेगळं.
एकदा इन्शुलिन लिहिलं होतं दहा यू.
यू वरून मिटला, शून्य झाला.
शंभर युनिट. एका सिरिंजमध्ये मावेनात.
तिसरी भरताना हात थांबला.
पहिल्या दोन गेल्या होत्या.
रात्रभर ग्लुकोज चालवत मी त्या माणसाचे ओठ बघत बसले.
सकाळी त्यानं चहा मागितला, बिनसाखरेचा.

म्हणून मशीन आलं तेव्हा कुरकुरणाऱ्यांत मी नव्हते.
सगळी अक्षरं एका उंचीची.
दशांशाचा ठिपका मोहरीएवढा, स्पष्ट.
पेनिसिलिन सोसत नसलेल्याला पेनिसिलिन लिहिलं
की पडदा लाल होतो.
तीनदा झाला माझ्यासमोर. तीन माणसं.
हे आधी सांगते,
कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात, बघा, कागदच बरा होता.

माझे नायना अशोक चौकाजवळच्या कारखान्यात चादरीच्या मागावर होते.
वर जेकार्डचे पत्ते फिरायचे, भोकं पाडलेले.
ते सांगायचे,
हाताची चूक एका चादरीची.
पत्त्यात एक भोक चुकलं
तर मोराची मान प्रत्येक चादरीत मोडते,
आणि इतकी एकसारखी मोडते
की गिऱ्हाईकाला ती नक्षीच वाटते.

शांतम्मा कुडक्याल, विडी घरकुल, वय बासष्ट.
सांधे सुजलेले, बोटं तेंदूपत्त्याच्या मापानं वाकलेली.
तिची गोळी आठवड्यातून एकदा.
यादीत पहिलं नाव ‘रोज’.
नवा डॉक्टर, तीस तास जागा, बोट पहिल्यावर टेकलं.
पिवळी चौकट आली. ती येतेच.
ती व्हिटॅमिनलाही येते, खोकल्याच्या औषधालाही येते.
त्यानं ‘पुढे’ दाबलं.
इरफाननं स्वच्छ छापलेलं वाचलं, स्वच्छ दिलं.
मी पट्टा स्कॅन केला. हिरवी खूण.
मंगळवारी दिली.
बुधवारी दिली.

गुरुवारी शांतम्मानं मूठ मिटली.
“सिस्टर, ही शनवारची हाय.”
मी म्हटलं, अम्मा, कॉम्प्युटरमध्ये रोज आहे.
“आसंल त्येच्यात.
हप्त्याची मजुरी शनवारी, गोळी बी शनवारी.
आज बेस्तरवार हाय की.”

मग धावपळ, रक्त, उतारा म्हणून इंजेक्शनं,
पांढऱ्या पेशींचा आकडा रोज सकाळी,
तोंडातले फोड, गार दूध चमच्यानं.
बाराव्या दिवशी ती घरी गेली.
जाताना माझ्या हाताकडे नाही, टेबलाकडे बघितलं तिनं.
त्याला काही म्हणाली तेलुगूत.
मला समजलं. इथं लिहीत नाही.

चौकशीचा अर्जही पडद्यावरच भरायचा.
चूक कोणाची : डॉक्टर, फार्मसी, नर्सिंग, इतर.
एकच निवडा.
चहा गार होईपर्यंत बाण चौघांवरून फिरवत राहिले.
मग ‘नर्सिंग’ दाबलं,
कारण हात माझा होता,
आणि ‘इतर’वर टिचकी मारली की
रिकामी चौकट उघडायची, तीत पन्नास अक्षरंच मावत होती.

आता त्या गोळीला ‘रोज’ आपोआप येत नाही.
सुधारणा झाली.
वार निवडावा लागतो,
आणि यादी सोमवारपासून सुरू होते.
सोमवारच्या गोळ्या मी
जरा जास्त वेळ तळहातावर धरते.